गोठा, पक्का, स्लॅबसह

आमचा घरटॅक्स कमी झाला. अर्ज मंजूर झाला, सही-शिक्का झाला, नगरपंचायतीच्या फाटकावर बाबांचा फ्लेक्सही लागला. बाबांच्या गळ्यात झेंडूची माळ आहे आणि चेहरा असा आहे की माणूस हयात आहे की नाही, ते फ्लेक्सवरून ठरवता येत नाही. दोन ओळखीचे लोक सांत्वनाला येऊन गेले.

तर ही झाली बातमी. आता ती विसरा. असं समजा की काहीच कमी झालेलं नाही, तो फ्लेक्स दुसऱ्या कुणाच्या तरी बापाचा आहे आणि आमचं घर अजून घर आहे. मीही तसंच समजून पुढचं लिहितो. बाबा तर याच समजुतीवर दोन वेळ जेवतात.

बाबा म्हणजे श्रीहरी. बल्लारपूरच्या पेपर मिलमधून रिटायर. आमचं गाव चामोर्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. नाली तीच राहिली, तिच्या काठावर उभं राहून फोटो काढणारे वाढले. बाबांनी घर सुट्ट्यांमध्ये बांधलं. सुट्टी मिळाली की सिमेंटची पोती घेऊन गावी, सुट्टी संपली की भिंत तिथेच थांबायची. त्यामुळे आमच्या घरात बसून बाबांची सगळी नोकरी मोजता येते. स्वयंपाकखोली बोनसची, मोरी ओव्हरटाइमची, आणि समोरच्या खोलीतली फरशी पूर्णच्या पूर्ण रिटायरमेंटची. त्या फरशीवर चप्पल घालून आलेल्या माणसाशी बाबा बोलतात, पण त्याच्या पायांकडे बघून. गेटच्या खांबावर त्यांनी स्वतः छिन्नीने अक्षरं कोरली: 'हर्षा निवास'. हर्षा माझी बहीण. माझं नाव संघपाल. माझ्या नावाचं अजून काही कोरलेलं नाही.

हर्षाचं लग्न आम्ही दारातच केलं. शेजारच्या पोचूकाकाने जांभळीच्या डहाळ्यांचा हिरवागार मांडव टाकला. बुद्धवंदना झाली, पंगत बसली, आणि वांग्याची भाजी वाढणं चालू असताना आभाळात ड्रोन आला. आम्हाला वाटलं फोटोग्राफरचा आहे. सगळ्यांनी हात हलवले. समोरच्या उर्वशीबाईंनी पदर सारखा करून पुन्हा एकदा हलवला.

तो नगरपंचायतीचा मालमत्ता सर्व्हे होता. आम्ही जेवता जेवता करवाढीला टाटा करत होतो.

नोटीस आली. मालमत्तेचा वापर: मंगल कार्यालय. पुढचा आकडा लिहीत नाही. तो ऐकून आईने उकळत्या चहाखालचा गॅस बंद केला, एवढं पुरे.

त्याच महिन्यात नगरपंचायतीने 'करदाता मदत कक्ष' उघडला. ज्यांचा टॅक्स चुकून वाढला त्यांना तो कमी करायला मदत करणारा. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. कक्ष मुतारीला लागून आहे, म्हणजे रांगेतला निम्मा माणूस मुतारीतच उभा असतो. कक्षात विनोदभाऊ बसतात. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि टेबलाजवळ 'स्वच्छ शहर' स्पर्धेत मिळालेली कुंडी. कुंडीत तुळस होती असं म्हणतात. आता त्यात फक्त विनोदभाऊंचं मत असतं, लाल रंगाचं.

"भाऊ, हे राहतं घर हाय. कार्यालय नाई," बाबा म्हणाले.

"फोटोत तं मांडव दिसून राह्यला."

"पोरीचं लगन होतं."

"मंग? जिथी लगन लागते त्याले काय म्हणते? पोलीस स्टेशन म्हणते का?"

"मांडव काढला ना पण. डहाळ्या चुलीत गेल्या."

"काढल्याचा पुरावा?"

बाबांनी खरंच विचार केला. "राख आणू?"

"राख नाई चालत." विनोदभाऊंनी कुंडीत मत दिलं. "एक फोटो मांडव असताना, एक मांडव काढताना. दोन्ही इन्स्पेक्टर साहेबाच्या समोर."

"मांडव तं हायच नाई."

"मंग टाका ना! मदत करून राह्यलो ना मी तुमची?"

आम्ही मांडव टाकला. पोचूकाकाने विचारलं, "कोनाचं लगन?" मी म्हटलं, "कोनाचंच नाई." त्याने मला डोळा मारला आणि दोन डहाळ्या जास्त लावल्या.

संध्याकाळी उर्वशीबाई दारात. "काऊन वो रुखमाबाई, पोट्ट्याचं जमवलं अन् समोरच्या घराले पत्ता नाई?"

"लगन नाई वो बाई," आई म्हणाली. "नगरपंचायतीले दाखवायले मांडव टाकला."

उर्वशीबाईंनी आईच्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं. "पोरगी पळून आली का?"

इन्स्पेक्टर येणार त्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. इस्त्रीचे कपडे, हातात पाकिटं. अहेरीहून मावशी स्टीलची कळशी घेऊन एसटीने आली आणि आल्या आल्या माझ्या गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, मावशी, लग्न नाही. ती म्हणाली, माझ्यापासून लपवतो का. आईने कपाळावर हात मारला आणि मोठं पातेलं काढलं, कारण माणूस दारात आल्यावर भात टाकावाच लागतो, मग तो कोणत्याही गैरसमजाने आलेला असो.

इन्स्पेक्टर साहेब बरोबर पंगतीच्या वेळेला आले. बसले. भात घेतला, पुन्हा घेतला, मठ्ठा मागून घेतला. हात धुतले, मांडवाचा फोटो काढला आणि म्हणाले, काढतानाचा फोटो सोमवारी काढू, आता पोट जड झालं.

अहवाल मात्र त्यांनी सोमवारची वाट न बघता दिला. 'समक्ष पाहणीत सदर ठिकाणी समारंभ चालू असल्याचे आढळले. कार्यालय नियमित वापरात आहे. भोजन व्यवस्था समाधानकारक.' आकडा आणखी वर गेला. आठवड्याभरात दोन जणांनी फोन करून तारखा खाली आहेत का विचारलं. उर्वशीबाईंनी भाचीसाठी शेजारी म्हणून भाड्यात सूट मागितली.

मग दारावर नोटीस चिकटली: थकबाकी भरा, नाहीतर नळ तोडू. चिकटवणाऱ्याने गोंद एवढा वापरला होता की बाबांनी दाराला दिलेला रंग नोटिशीबरोबर निघून आला. बाबा त्या निघालेल्या पोपड्याकडे बघत राहिले. नोटीस मीच वाचली.

पुन्हा मदत कक्ष.

"आता एकच रस्ता हाय," विनोदभाऊ कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले. "मंगल कार्यालयाचं डायरेक्ट राहतं घर करता येत नाई. सिस्टीम घेत नाई. पयले बिल्डिंग पाडल्याचा दाखला लागते."

"घर पाडू? घर हाय हे सांगायले?"

"म्हनून तं म्हनतो, नका पाडू. मंगल कार्यालयाचं गोठा करता येते. एका क्लिकमंधी. शेतीपूरक हाय ना ते. टॅक्स एकदम खाली."

बाबा उठले. "माझं घर हाय ते. कागदावर राहतं घर लिहून द्या. टॅक्स जो लागन तो भरतो."

"भाऊ, तुमी भावनेत नोका जाऊ. सिस्टीमले भावना नसते."

घरी आल्यावर बाबा गेटसमोर उभे राहिले आणि 'निवास'मधली धूळ बोटाने काढली. आई आतून म्हणाली, "होऊ द्या गोठा. कागदावरच होते ना? नळ तुटला तं पानी कोन आनन, कागद आनन का?"

"अन् कोनी विचारलं कुठी राहता, तं?"

"तं सांगजा, रुखमाच्या हाताखाली."

बाबा हसले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी मला फॉर्म मागितला आणि ताटाशेजारी ठेवून सही केली. फॉर्मवर वरणाचा एक थेंब पडला. तो तसाच जमा झाला.

पण गोठ्याला पुरावा लागतो. गुरासकट फोटो, मागे घर नंबर दिसला पाहिजे. आम्ही पोचूकाकाची गाय उसनी आणली. फोटो काढायला विनोदभाऊ स्वतः आले, मदत म्हणून. गाय दारात उभी राहायला तयार नव्हती. तिने आत बघितलं, पंखा चालू होता, ती आत गेली. चप्पल न काढता, असं बाबांच्या नजरेवरून वाटलं.

"अजून आत घ्या, अजून," विनोदभाऊ मोबाईल धरून ओरडत होते. "घर नंबरचा येगळा फोटो घेतो मंग. भाऊ, तुमी बाजूले व्हा. माणूस नोको फोटोत."

"मी काऊन नोको?"

"माणूस दिसला का रिजेक्ट होते ना, भाऊ. गोठा हाय."

बाबा बाजूला झाले. स्वतःच्या खोलीत, स्वतः लावलेल्या फरशीवरून, भिंतीला पाठ टेकून एका कडेला सरकले, जसं आपण दुसऱ्याच्या घरी सरकतो. आणि तेव्हाच गायीने शेपूट उचललं.

"वा!" विनोदभाऊंना एवढा आनंद झाला की खर्रा गिळता गिळता वाचले. "शेन आलं फोटोत! आता कलेक्टरही नाई म्हनू शकत नाई." जाताना त्यांनी आमच्या दाराच्या कोपऱ्यात पिचकारी मारली. मी बघितलं तर म्हणाले, "गोठाच हाय ना बे आता."

गाय संध्याकाळपर्यंत गेली नाही. पंखा बंद केला तेव्हा गेली. मग बाबा बादली घेऊन बसले. मी फडकं मागितलं, त्यांनी दिलं नाही. फरशीच्या प्रत्येक फटीतून ब्रश फिरवला. फिनेलचा वास आला, शेणाचा गेला नाही. पोचूकाका म्हणाला, पवित्र असते, राहू द्या. बाबांनी दार लावून घेतलं.

यानंतर जे झालं ते झालंच नाही, असं आपलं ठरलेलं आहे. झालं असतं तर असं झालं असतं: आदेश आला असता, मदत कक्षाचा पहिला यशस्वी लाभार्थी म्हणून बाबांना बोलावून माळ घातली असती, आणि टाळ्या चालू असताना बाबांनी आदेश वाचला असता. वापर: गुरांचा गोठा, पक्का, स्लॅबसह. भोगवटादार: गाय, एक.

"यात माझं नाव कुठी हाय?" बाबांनी माळेतूनच विचारलं.

"मालक म्हनून हाय ना वर. राहनारा म्हनून गाय हाय."

"टॅक्स वाढवून द्या, भाऊ. पन घर लिहा."

विनोदभाऊ पहिल्यांदाच गोंधळले. कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं. "कमी करायचा अर्ज असते, भाऊ. वाढवायचा नसते. वाढवायचं काम आमी आपल्या मनानं करतो. पुढच्या सोमवारी या."

बाबा दर सोमवारी जातात. मुतारीत अर्धे उभे राहतात, अर्धे रांगेत. फ्लेक्सखालून जाताना वर बघत नाहीत. घरी येऊन फरशी पुसतात. शेवटी अर्ज मीच लिहिला. त्याची प्रत खाली देतो. मूळ प्रत कुंडीत आहे, मी स्वतः पाहिली.

प्रति, मा. मुख्याधिकारी साहेब.
विषय: गोठ्याचे घर करून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सदर गोठा माझ्या वडिलांनी आपल्या नोकरीतील सुट्ट्यांमध्ये स्वतः बांधलेला असून त्यात गाय राहत नाही. आली होती, ती आपल्या कर्मचाऱ्यांच्या विनंतीवरून. तरी सदर गोठ्यास राहते घर म्हणावे व त्याचा पूर्ण कर आमच्याकडून घ्यावा, ही नम्र विनंती. तसे करणे सिस्टीमच्या दृष्टीने शक्य नसल्यास, गोठ्यात राहणाऱ्या आम्हा तिघांस रीतसर गुरे घोषित करून आमच्या कानांस सरकारी बिल्ले मारून मिळावेत. वडिलांचा बिल्ला कृपया डाव्या कानास मारावा. उजव्या कानाने ते अजून 'पुढच्या सोमवारी या' हे ऐकतात व त्यावर विश्वास ठेवतात.