कोरडं बोट

विज्ञानात माझी पोर यंदा दोनदा आपटली. लॉन्ड्रीची मालकीण म्हणाली, "उद्याच्या चाचणीतही आपटली तर सोमवारपासून दुसरं टेबल तिचं. इस्त्री तुमच्या रक्तातच आहे." आणि मी मान डोलावली. लाज वाटते सांगायला, पण डोलावली.

दुपारी पोर चादरींच्या गाठोड्यावर बसून उजळणी करत होती. मी शर्टांच्या कॉलरी मारत होते.

"आई, विचार ना काहीतरी."

"जिराफाची मान लांब कशी झाली?"

"तूच सांग की."

"त्यात काय एवढं? वरचा पाला खायला ताणली, ताणली, झाली लांब. पोटासाठी काय काय ताणावं लागतं, मला विचार."

"भोपळा!" पोर हसायला लागली. "मागच्या वेळी मी हेच लिहिलं होतं. तुझंच ऐकून!"

सातवीत शाळा सुटलेल्या बाईने शिकवलं की असं होतं. मी इस्त्री उभी केली. "मग खरं काय ते सांग."

"काहींची मान जन्मापासूनच जरा लांब होती. खालचा पाला संपला, तेव्हा ते जगले. त्यांची पिल्लंही तशीच निघाली. पिढ्यान् पिढ्या तेच. जन्मभर ताणलेली मान पिल्लाला मिळत नाही."

"आणि आखूड मानेचे?"

"मेले बहुतेक."

"त्यांच्यावर प्रश्न येत नाही?"

"नाही."

"कसा येईल! मेलेल्यांना कोण गुण देतं?"

पोरीने पुस्तक मिटलं. मग उठून म्हणाली, "दे, दोन शर्ट मारते. तू बस जरा."

इस्त्री तापली का हे मी कोरड्या बोटाने बघते. टेकवायचं, उचलायचं. वीस वर्षांत बोटांची टोकं चामड्याची झालीत. पोर लहानपणापासून बघत आलेली. तिनेही तसंच बोट टेकवलं आणि किंचाळली.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?" मी तिचा हात ओढत नळाखाली धरला.

"तू तर रोज करतेस!"

बोटावर फोड टरारून आला. मऊ, गुलाबी बोट. माझ्या राठ पंजात ते कुणा परक्याचं वाटत होतं.

पोर रडता रडता म्हणाली, "बघ. तुझे घट्टे मला नाही मिळाले."

मालकीण काउंटरवरून ओरडली, "होईल सवय! तुझ्या आईला नाही का झाली?"

"सवय कुणालाही होते, बाई," मी म्हणाले. "तुम्हालाही होईल, उभ्या राहा इथे. रक्तातबिक्तात काही नसतं. दुसरं टेबल दुसऱ्या कुणाला द्या."

"आणि उद्या नापास झाली तर?"

"तर परत बसेल परीक्षेला. टेबलाला नाही लागणार."

"फार जीभ चालते. तुझं टेबलही रिकामं होऊ शकतं."

"ते तुम्ही ठरवा."

मी पोरीला परत गाठोड्यावर बसवलं. फोड डाव्या हाताच्या बोटाला होता. लिहायचा हात धड होता. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

"जिराफ पहिल्यापासून सांग. मेलेल्यांसकट."