मी मैलाचा दगड की वाटोबा?

मी एक दगड बोलतोय. नगरहून पाथर्डीकडं जाणाऱ्या रस्त्यासाठी एका पाथरवटानं मला घडवलं आणि माझ्या पोटावर ‘नगर, मैल सतरा’ अशी अक्षरं कोरली. पुढं तो रस्ता सरळ केला आणि मी आडबाजूला पडलो. गुराख्यांनी मला लिंबाखाली उभं केलं, कुणीतरी शेंदूर फासला. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तोवर मी वाटोबा, म्हणजे वाटेवरचा देव, झालो होतो. लोक माझ्यापुढं नारळ फोडायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

विजयमाला ही गावातल्या पुंजारामाची धाकटी सून. मामाकडं नगरला राहून चौथीपर्यंत शिकलेली. नवी नवरी म्हणून पाया पडायला आली, तेव्हा तिनं शेंदराखालची अक्षरं बोटांनी चाचपली आणि हसू दाबलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा नवरा आसाराम आणि थोरला दीर भिमाजी, दोघांनाही खळ्यावर कुत्रं चावलं. गावाचा रिवाज असा, की कुत्रं चावलेल्यानं ओलेत्यानं मला फेऱ्या घालायच्या. दवाखान्यात गेलं तर देव कोपतो. सगळं गाव जमलं. आसाराम फेरीला उठला, तसा विजयमालेनं त्याचा हात धरला.

“मामंजी, ह्यांना नगरला न्या. थोरल्यांनाबी न्या. मामाच्या शेजारचा मानूस असाच गेला. पान्याला भ्यायचा.”

“देवाम्होरं बोलतीस?” थोरली जाऊ कडूबाई किंचाळली. “तुझ्यापायी माझ्या धन्याला काय झालं म्हंजी?”

विजयमालेनं विळा घेतला आणि माझा शेंदूर खरवडून काढला. “वाचा की! ह्यो देव न्हाई, मैलाचा दगूड हाय!”

तिथं वाचता कुणालाच येत नव्हतं. लोकांना दिसला तो फक्त विळा. कित्येक वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. मला लाज वाटली की मोकळं वाटलं, ते अजून उमगलेलं नाही.

आसाराम बायकोबरोबर गेला आणि बेंबीभोवती सुया घेऊन आला. भिमाजीनं फेऱ्या घातल्या. आणि झालं काय, तर दोघांनाही काही झालं नाही!

“मंग सुया कशापायी खाल्ल्या?” गाव हसलं. कुत्रं पिसाळलेलं नव्हतंच का? की एकाला सुयांनी वाचवलं आणि दुसऱ्याला नशिबानं? की खरोखरच मी? मी तर जागचा हललोही नव्हतो.

देवाला विळा लावला म्हणून गावानं त्या घराचं पाणी तोडलं, सुगीला कुणी फिरकेना. शेवटी पुंजाराम सुनेला म्हणाला, “पोरी, ह्यो दगूड आसंल. पर गावाबिगर आपन कसं ऱ्हायाचं? उद्या मी मेलो तर खांदा कोन देनार?”

ती शेंदराची वाटी घेऊन आली. तिची बोटं माझ्या अक्षरांवर अडखळली. नको लावूस, असं मला वाटलं. लाव बाई एकदाचा, असंही वाटलं. तिनं लावला, आणि गाव पुन्हा त्या घरी येऊ लागलं.

वर्षभरानं कडूबाईच्या रंगूला कुत्रं चावलं. कडूबाईनं लेकीला सगळ्यांदेखत फेऱ्या घालायला लावल्या, नारळ फोडला. माणसं पांगल्यावर ती विजयमालेपाशी गेली.

“वढ्यापल्याड गाडी जुपून ठिवलीया. तुझे भाऊजी थांबल्यात. सुया कुठं देत्यात, तू चल दावायला. गावात सांगू, म्हायेरी गेल्तो.”

“मंग फेऱ्या कशाला घातल्या, बाई?”

“त्याबी लागत आसल्या तर?”

विजयमाला हसली नाही. तिनं रंगूला कडेवर घेतलं. कडूबाई पुढं निघून गेली. विजयमाला दोन पावलं चालली, मग वळली, माझ्याकडं बघत राहिली आणि तिनं पोरीच्या पाठीमागं हळूच हात जोडले.

मी अजून त्याच लिंबाखाली आहे. माणसांचं मला फारसं कळत नाही. तुम्हाला कधी ती भेटली, तर माझ्यासाठी एवढं विचारा, की बाई, तेव्हा बघायला तर कुणीच नव्हतं, मग हात कुणासाठी जोडलेस?