वकिलामार्फत

"वकील, आजोबांना सांग, भोपळा उकडून झालाय. आणि गरम आहे, एकदम हात घालू नका म्हणावं."

वकील स्वयंपाकघराच्या दाराशी अंग टाकून पडला होता. नाव ऐकून त्याने आधी एक कान उचलला, मग डोकं उचललं. उरलेलं अंग उचलायचाही प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. तेव्हा भट्टीवाले स्वतःच ओट्यापासून दोन पावलं पुढे आले, वाकून कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कळलं म्हणावं आजीला."

आजी, म्हणजे त्यांची बायको, शेगडीपाशीच उभी होती. दोघांमध्ये चार हातांचंसुद्धा अंतर नव्हतं. पण त्या घराची रीतच तशी पडून गेली होती. नवराबायको एकमेकांशी बोलत नसत, जे काही बोलायचं ते वकिलाशी बोलत. वकील उठून दुसऱ्यापाशी जाऊन उभा राहिला की निरोप पोचला असं धरायचं, मग त्याने उत्तर द्यायचं, तेही वकिलालाच.

भट्टीवाले उभा जन्म एका बेकरीच्या भट्टीवर राबले होते, म्हणून आळी त्यांना त्या नावाने ओळखायची, आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायची. शेजारच्या मावशी जिभेने तिखट. त्या म्हणायच्या, "लोकांकडे लेकी बोले सुने लागे, यांच्याकडे कुत्र्या बोले नवऱ्या लागे." कधी म्हणायच्या, "काडीमोड घेणारे वकिलामार्फत बोलतात हे ऐकून होते, हे दोघं तर संसारच वकिलामार्फत करतात." काकू हसायच्या. भट्टीवाल्यांनाही हसू यायचं. पण ते दोघं एकाच वेळी मात्र कधी हसले नाहीत.

कुत्र्याचं नाव मुलाने ठेवलं होतं. पिल्लू असताना ते प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालायचं. खाली बस म्हटलं की कुंई करून आपली बाजू मांडायचं, बाहेर जा म्हटलं की दारात उभं राहून मुद्दा लढवायचं. मुलगा म्हणाला, हा वकीलच होणार. मुलाचा कुत्रा म्हणून आईवडील आपोआप त्याचे आजी-आजोबा झाले. आधी थट्टेत झाले, मग सवयीने.

वकील वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा मुलगा गेला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला होता, तो परत आलाच नाही. त्या शेवटच्या संध्याकाळी भट्टीवाले बायकोला म्हणाले होते, तू घरी जा, कुत्रं सकाळपासून उपाशी असेल, मी आहे इथे. ती गेली. कुत्र्याला घातलं, दोन घास स्वतः खाल्ले, जरा टेकली, आणि पहाटे शेजारचे उठवायला आले.

त्यानंतर त्या घरात भांडण असं झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला शेवट तरी असतो. पण काहीही बोलायला गेलं की बोलणं फिरून फिरून त्या दवाखान्यातल्या खाटेपाशी यायचं आणि दोघंही तिथे थबकायची. तिने काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही. हळूहळू इतर बोलणंही आटलं.

वकिलाने मात्र खाणं सोडलं होतं. दारात बसून राहायचा. दूध नको, पोळी नको, अंडं नको. मग एके सकाळी भट्टीवाले उठले, गव्हाचं पीठ घेतलं, त्यात उकडलेला भोपळा कुस्करला, एक अंडं फोडलं, मीठ नाही, साखर नाही, घट्ट मळून लाटलं आणि बोटभर पट्ट्या कापून ओव्हनमध्ये ठेवल्या. आयुष्यभर त्यांनी लोकांसाठी पाव भाजला होता, पण घरच्या ओव्हनला कधी हात लावला नव्हता. काकू भिंतीला टेकून बघत होत्या. मुलगा जाऊन महिना झाला नाही आणि हा माणूस कुत्र्यासाठी बिस्किटं करतोय, असं त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं. ताटली खाली ठेवली. वकिलाने हुंगलं, मान फिरवली, पुन्हा हुंगलं. तेव्हा काकूंच्या तोंडून किती दिवसांनी शब्द फुटला. "खा रे," त्या म्हणाल्या, "आजोबांनी केलंय."

भट्टीवाल्यांनी तो शब्द झेलला. "आजीला म्हणावं, अजून चार आहेत," ते कुत्र्याला म्हणाले. वकिलाने पट्टी कडाकड चावली, आणि त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

वकील हुशार निघाला. कुणी आपल्याकडे बघून बोललं की आपण दुसऱ्याकडे जायचं, तिथे बिस्किट मिळतं, हे त्याने आठवड्यात ओळखलं. मावशी त्याला वकिलाची फी म्हणायच्या. बिल भरलं का, औषध घेतलं का, पाहुणे येणार आहेत, तुमचा शर्ट उसवलाय, या सगळ्याची फी वकिलाने खाल्ली आणि चांगला गरगरीत झाला. भट्टीवाले दर दोन दिवसांनी ट्रे लावायचे. त्यांच्या ट्रेला कधी घाई नसायची. आच मंद ठेवायची, पट्ट्या उलटायच्या, ओव्हन बंद केल्यावरही आतच राहू द्यायच्या, म्हणजे पार वाळतात. वकिलाचे दात हलायला लागले तशा पट्ट्या मऊ झाल्या. पुढचे दात पडले तेव्हा पिठात हाडाच्या पाण्याचा हबका आला. अलीकडे तर ते बिस्किट नुसतं कोमट पाण्यात विरघळवून बोटाने चाटवायचे. कुत्रा म्हातारा होत होता हे दोघांनाही दिसत होतं, पण हा निरोप वकिलामार्फत कसा द्यायचा?

त्या दिवशी सकाळीच दोघं त्याला गाडीवर घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात मायेचा. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, आणि मग स्टूल ओढून दोघांसमोर बसल्या. मूत्रपिंडं गेली आहेत, म्हणाल्या. सलाईन लावून आठ-दहा दिवस ओढता येतील, पण ते त्याच्यासाठी नसतील, तुमच्यासाठी असतील. नाहीतर झोपेचं इंजेक्शन. संध्याकाळी मी घरी येऊन देईन, त्याला इथे आणायचे हाल नकोत.

"माझी घाई नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोला, आणि दुपारपर्यंत मला फोन करा."

दोघांनीही मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी केवढी गोष्ट मागितली होती, हे त्यांना कुठून माहीत असणार?

घरी आल्यावर काकूंनी भोपळा उकडायला ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. भट्टीवाल्यांनीही पीठ काढलं. कुत्रा खाणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, पण हात मोकळे ठेवून त्या घरात बसायचं कसं? तेवढा भोपळ्याचा निरोप झाला आणि पुन्हा सगळं चिडीचूप.

भट्टीवाले मळत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. वकील, आजीला विचार... आणि पुढे? ज्याच्या जिवाचा प्रश्न त्याच्याच तोंडून विचारायचा? तुला मारू का, हे आजीला विचारून ये? सगळ्या गोष्टी वकिलामार्फत झाल्या होत्या, पण हीच एक होण्यासारखी नव्हती. त्यांनी वाक्य मोडलं, दुसरं जुळवलं, तेही मोडलं. कणीक नको तेवढी मळून झाली होती.

काकू दाराशी फरशीवर बसल्या होत्या. वकिलाचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्या कपाळावरून, जिथे केस पांढरे झाले होते तिथून, बोट फिरवत होत्या. त्याचा श्वास मधेच अडायचा. अडला की त्यांचं बोटही थांबायचं.

"बाबांना विचार," त्या म्हणाल्या.

भट्टीवाल्यांच्या हातातलं लाटणं जागच्या जागी राहिलं.

त्या घरात त्यांना बाबा म्हणणारं एकच तोंड होतं. इतक्या वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. काकूंना कळलंही नव्हतं आपण काय बोललो ते. त्या खाली बघूनच पुढे म्हणाल्या, "बाबांना विचार, जाताना दुखतं का. फार दुखतं का, एवढंच विचार."

वकील हलला नाही. भट्टीवाले उत्तराची जुळवाजुळव करायला गेले, आजीला म्हणावं, असं सुरू करायला गेले, पण शब्दच बदलून आला.

"नाही गं," ते म्हणाले.

तो 'गं' कुत्र्याला म्हणता येत नाही. काकूंनी मान वर केली.

ते ओट्याला पाठ लावून उभे राहिले. पिठाचे हात पुढे धरलेले, कुठे ठेवायचे ते सुचत नव्हतं. "मी जवळच होतो," ते म्हणाले. "हात हातात होता. ग्लानी होती त्याला, दुखत नव्हतं. एकदा डोळे उघडले होते."

"काही बोलला?"

इतकी वर्षं ते ज्या प्रश्नाला भीत होते तो हाच. खोटं सांगणं सोपं होतं. आईला हाक मारली म्हणायचं, कोण तपासायला येणार होतं? पण त्यांना खोटं कधी नीट बोलता आलं नव्हतं, आणि खरं सांगितलं तर बाईच्या काळजात सुरी फिरेल, म्हणून त्यांनी तोंडच मिटून घेतलं होतं.

"वकील जेवला का, म्हणाला," त्यांनी सांगितलं. "दुसरं काही नाही. मी म्हटलं, आई गेलीय घालायला. तर म्हणाला, मग ठीक आहे. आणि झोपला."

काकूंनी मान पुन्हा खाली घातली. भट्टीवाल्यांना वाटलं, झालं, आता हे दारही कायमचं लागलं. आपण बोललो हेच चुकलं.

"तरीच ती बिस्किटं," काकू म्हणाल्या.

"खात नव्हता ना. आणि पोराने तर जेवला का म्हणून विचारलेलं. मला दुसरं काय येत होतं?"

"मला वाटलं, तुम्हाला काही वाटतच नाही." त्यांनी कुत्र्याचा कान सरळ केला, पुन्हा दुमडला. "वकिलाला जेवायला कोण घालायचं तेव्हा? तुम्ही दिवसभर भट्टीवर, तो कामावर. मीच ना?"

"तूच."

"मग त्याने कुत्र्याचं कुठे विचारलं? आई घरी नीट पोचली का, हे विचारायची लाज वाटली असेल. मिशा फुटलेला मुलगा. म्हणून वकिलाचं नाव घेतलं." त्यांचा आवाज ओला झाला होता, पण फुटला नाही. "लेकी बोले..." त्या म्हणाल्या, आणि म्हण तिथेच सोडून दिली.

भट्टीवाल्यांना हे कधी सुचलं नव्हतं. खरं असेल की नाही, तेही त्यांना सांगता आलं नसतं. दवाखान्यातल्या त्या खोलीत ते एकटेच होते, आणि एवढी साधी गोष्ट त्यांना घरी बसलेल्या बाईकडून कळत होती. आधी विचारलं असतं तर? पण कुणामार्फत?

वकिलाचा श्वास पुन्हा अडला. या वेळी जरा जास्त.

"बोलवा त्यांना," काकू म्हणाल्या.

आजोबांना सांग नाही, बोलवायला सांग नाही. थेट 'बोलवा'. भट्टीवाल्यांनी हात धुतले आणि फोन केला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ट्रे निघाला होता. भट्टीवाल्यांनी एक पट्टी पाण्यात कालवून बोटावर घेतली आणि वकिलाच्या ओठाशी धरली. त्याने खाल्लं नाही. जीभ मात्र बाहेर काढली, एकदा बोटाला लावली आणि आत घेतली. तेवढ्याने त्याचं काम झालं असावं. काकूंनी त्याचे डोळे हाताने झाकले. सुई कधी गेली ते कळलंही नाही. वाद घातल्याशिवाय वकिलाने मान्य केलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट. निघताना डॉक्टरीणबाईंना भट्टीवाल्यांनी सगळी बिस्किटं बांधून दिली. तिथे पिंजऱ्यात बरीच कुत्री असतात, म्हणाले, मऊ आहेत, कुणालाही चालतील. त्या नको म्हणत होत्या, पण भट्टीवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पुडा घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघं उठली, तोंडं धुतली आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. काकूंनी शेगडी पेटवली.

"चहात आलं घालू का?" त्यांनी विचारलं.

भट्टीवाल्यांना प्रश्न ऐकू आला, पण ते थांबले. प्रश्न चालत चालत आपल्यापाशी येईपर्यंत थांबायची त्यांना सवय होती. तो आला नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं की तो आधीच आलेला आहे.

"घाल," ते म्हणाले.

म्हणाले ते गुडघ्याएवढ्या उंचीवर बघून. काकूंनीही तिथेच बघून विचारलं होतं. दोघांनाही ते कळलं, तरी कुणाचीच नजर वर झाली नाही. चहा उकळेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलत राहिली, दुधाचं, पाण्याचं, खिडकीच्या निसटलेल्या कडीचं, मधल्या मोकळ्या फरशीकडे बघत.