माझ्या भिंतीवरचे चोवीस अंश

मित्रांनो, काचेची नळी, तिच्यात एक लाल रेघ आणि मागे लाकडी पट्टी, एवढाच माझा देह. मी तापमापक, बंगळूरच्या इंदिरानगरातला. सदतीस वर्षांपूर्वी भगवंतरावांनी मला आणले आणि अंगणातल्या करंजाला टांगले.

त्यांच्या पत्नीला, अंबूबाईंना, दम्याचा त्रास. रोज सकाळी सहाला त्या आतून विचारायच्या, "किती हो आज?" रेघ अठराच्या खाली असली की स्वेटर आणि कानटोपी, वर असली की नुसती साडी. मग दोघे तळ्यावर फिरायला जायचे. घरात माझा शब्द शेवटचा! काय रुबाब होता माझा तेव्हा!

दोन वर्षांपूर्वी सुहासला, त्यांच्या मुलाला, गाडीसाठी जागा हवी झाली. भगवंतरावांनी कानडी ढंगात होकार दिला, "सरी, तोड करंज." मला पोर्चच्या भिंतीवर ठोकले. शेजाऱ्यांच्या रात्रभर चालणाऱ्या एसीचा गरम झोत थेट माझ्या अंगावर यायचा. पण मला कुठे बोलता येते?

यंदा डिसेंबरातही दुपारी पंखे फिरत होते. त्यामुळे त्या सकाळी मी चोवीस दाखवले, तेव्हा कुणालाच नवल वाटले नाही.

"कसली थंडी न् कसलं काय! राहू दे तो स्वेटर," भगवंतराव म्हणाले.

"मला स्वल्प गार वाटतंय हो."

"अगं, चोवीस आहे. तो सांगतोय ना!"

अंबूबाई तशाच गेल्या. परतल्या त्या धापा टाकत. दहा दिवस दवाखान्यात होत्या.

त्यांना दवाखान्यात नेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, माझ्याबद्दल शंका येऊन, नात नयना मला तळ्यावर घेऊन गेली. तिथे मी पंधरावर उतरलो. घरी आणून टांगले, तर पुन्हा चोवीस.

"आजोबा, हा बिघडलेला नाही. आपली भिंतच गरम आहे."

भगवंतराव करंजाच्या बुंध्याच्या जागी, फरशीवर बसले. "सरी म्हणालो तो मीच," एवढेच बोलले. मीही खोटे बोललो नव्हतो, तरी मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, मला झाडाच्या सावलीत टांगा. आणि आपले माणूस गार वाटते म्हणाले, तर आधी त्याचे ऐका.

अंबूबाई आता घरी आहेत, पण तळ्यावर जात नाहीत. सकाळी सवयीने विचारतात, "किती हो आज?" भगवंतराव माझ्याकडे बघत नाहीत. गेट उघडून रस्त्यावर जातात, थोडा वेळ उघड्या हातांनी उभे राहतात आणि आत येऊन अंबूबाईंच्या खांद्यावर स्वेटर घालतात.