ओकापीचे खूर

संग्रहालयातल्या प्राण्यांत पेंढा भरण्याचं काम आधी बाबांकडे होतं, आता त्यांच्या लेकीकडे. एका सोमवारी, संग्रहालय बंद असताना, ती ओकापी या आफ्रिकेतल्या प्राण्याच्या पायांखालचं प्लास्टरचं गवत बदलायला बसली. घोट्यापर्यंतचा थर छिन्नीने उतरवला आणि तिचा हात थांबला. खूर गाईसारखे दुभंगलेले होते.

ओकापी तीस वर्षं झेब्र्यांच्या दालनात उभा होता. 'झेब्र्याचा जंगलातला भाऊ' असा फलकही होता. मांड्यांवर पट्टे, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती, तिलाही नाही. पण झेब्र्याचा खूर घोड्यासारखा अखंड असतो. तिने कोठीतून ओकापीची कवटी काढली आणि जिराफाची शेजारी ठेवली. दोघांच्याही खालच्या सुळ्याला मधोमध तीच खाच, जी जिराफाच्या कुळाबाहेर नसते. म्हणजे ओकापीला भाऊबंद होते, पण झेब्र्यांच्या नव्हे, जिराफांच्या घरचे.

संध्याकाळी बाबा खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होते. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, "घोट्यापर्यंत गवत कशाला घातलं होतंत?"

बाबांनी दोरा दाताने तोडला. "खूर दिसू नयेत म्हणून."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कातडं हातात आलं त्या दिवसापासून. पण तेव्हाच्या संचालकसाहेबांनी फलक आधीच करून घेतला होता. एकदा सांगून पाहिलं. म्हणाले, तुम्ही पेंढा भरा. मी भरला."

तिला राग आला होता. "उद्या या," ती म्हणाली. "नव्या बाईंना तुम्हीच सांगा."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. संचालकबाईंपुढे त्यांनी आडपडदा ठेवला नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "बरं, हलवा मग." इतक्या वर्षांची गोष्ट तीन शब्दांत निकालात निघाली, त्याने बाबा जरा हिरमुसलेच.

दुपारी बापलेकीने ओकापी ढकलत जिराफाकडे नेला. दारात तो अडकला. "तिरपा घे, तिरपा," बाबा धापा टाकत म्हणाले. शेवटी एकदाचा तो आत आला.

बाबा बाकावर टेकले. ती फलकाचा मजकूर लिहू लागली.

"जीभ दोघांचीही हातभर लांब असते," बाबा म्हणाले. "तेही घाल."

तिने घातलं.