महाराजांचं बोट सुटेना

अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराला सगळं गणगोत नाक लावून उभं होतं. आत सुतार मशीनच्या श्वासावर निपचित पडला होता. मोटारसायकलच्या अपघातात मेंदूला मार बसलेला, बरगड्या आणि मांडीचं हाड मोडलेलं. घरच्यांनी बोलावलेल्या फुंकर महाराजांनी त्याच्या कपाळावर फुंकर मारली (सोबत किती जंतू गेले, देव जाणे), तळहातावरून बोट फिरवलं आणि सुताराची मूठ मिटली.

"धरलं! महाराजांचं बोट धरलं!" बाहेर एकच गलका झाला.

मी रात्रपाळी संपवून दिवसपाळीही ओढत होतो. भेटीला आम्ही दोघांनाच सोडतो; सुताराच्या थोरल्या भावाने आपला पास महाराजांना दिला होता. आता तो पासाशिवायच आत घुसला.

"डॉक्टर, नळी काढा. याला महाराजांकडे नेतो."

"श्वासाची नळी काढली तर तो जिन्यापर्यंतही पोचणार नाही."

"जीव परत आलाय, बाळा," महाराज म्हणाले. "यंत्राने अडवलाय. माझ्या शक्तीला वीज चालत नाही." त्यांच्या खिशात मोबाइल वाजत होता.

सुताराची बायको नवऱ्याच्या मुठीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मला गप्प बसावंसं वाटलं. पण मी गप्प बसलो असतो तर तो मेला असता.

"महाराज, त्याला बोट सोडायला सांगा."

"सोड, बाळा." मूठ तशीच. "अरे, सोड!" महाराजांनी बोट ओढलं, तशी मूठ आणखी आवळली. त्यांना घाम फुटला. शेवटी सिस्टरने एकेक बोट उलगडून त्यांची सुटका केली. मग मी सुताराच्या त्याच तळहातावरून डोळ्यांच्या बाहुल्या तपासायचा टॉर्च फिरवला. मूठ पुन्हा मिटली. टॉर्चमधले तर सेलही संपत आले होते.

"तान्ह्या बाळासारखं," बायको हळूच म्हणाली. "आमची धाकटीही असंच काहीही धरायची."

"तेच. मोठेपणी मेंदू ही खोड दाबून ठेवतो. त्याला मार बसला की ती वर येते. कळतंय म्हणून नाही धरलं त्यांनी. वाईट वाटतं सांगताना."

"बरे होतील ना?"

"माहीत नाही. आत्ता मेंदूची सूज वाढू द्यायची नाही, श्वास आणि रक्तदाब पडू द्यायचा नाही, एवढंच हातात आहे."

तिने डोळे पुसले. "भाऊजी, नळी राहू दे."

महाराज केव्हाच सटकले होते. भाऊ भिंतीला टेकला. "त्यांनी निदान काहीतरी करायला सांगितलं होतं हो. तुम्ही नुसतं बसा म्हणता." ते खरं होतं, आणि मला लागलं.

"मांडीच्या ऑपरेशनला रक्त लागेल. खाली रक्तपेढी आहे."

तो बाही सरसावतच निघाला. दारातल्या गर्दीलाही मी तेच सांगितलं, आणि वर एवढंच, की कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एक साधा प्रश्न विचारा: हे दुसऱ्या कशानेही होतं का? लोक माना हलवत पांगले. सरळ घरी जातील, असं मी धरूनच चाललो होतो. थोड्या वेळाने रक्तपेढीतून फोन आला, "डॉक्टर, सुताराची माणसं रांग लावून उभी आहेत. खुर्च्या कमी पडतायत."