चंद्रप्रभाच्या दगडावरचं वय

माझी बायको चंद्रप्रभा गेल्या नोव्हेंबरात वारली. आमच्या दिल्लीच्या ख्रिस्ती कबरस्तानात पहिल्या वर्षाच्या प्रार्थनेआधी दगड बसवायचा असतो. त्यासाठी कमिटीचा फॉर्म आहे. नाव, मृत्यूची तारीख, वय. पहिले दोन रकाने मी उभ्या उभ्या भरले. तिसऱ्यासाठी तीन महिने गेले.

सरकारी कागदांवर तिचं वय चौसष्ट होतं. खरं सदुसष्ट. मी तेव्हा पासष्टचा. लग्नाच्या वेळी माझ्या आईची एकच अट होती, मुलगी मुलापेक्षा लहान हवी. चंद्रप्रभा दोन वर्षांनी मोठी होती, पण शाळेच्या दाखल्यावर हेडमास्तरांनी १ जून १९६० घातलं होतं, म्हणजे ती एक वर्षानं लहान. दाखला बघून आई खूश झाली. आई जाऊन पंधरा वर्षं झाली तरी चंद्रप्रभा दाखल्याच्याच बाजूनं राहिली.

"आता कोणाला भ्यायचंय?" मी एकदा विचारलं.

"भ्यायचं काय त्यात. सवय झालीय," ती म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ भालचंद्र रिटायर झाल्यापासून घराण्याचा इतिहास लिहितो. सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली, त्यामुळे त्याचा माणसांवर विश्वास नाही, लेखी पुराव्यावर आहे. रविवारी उपासना सुटली की तो ब्रश आणि फडकं घेऊन कबरींमधून हिंडतो, मराठी नावांचे दगड पुसतो, वय वजा करून जन्मसाल काढतो. मला म्हणतो, "भावोजी, माणूस खोटं बोलतो, दगड नाही बोलत."

आता इथली आमची माणसं म्हणजे बहुतेक केंद्र सरकारची, सरोजिनी नगरच्या क्वार्टरांत आयुष्य काढलेली. त्यांच्या दगडांवरचं वय सर्व्हिस बुकातलं. त्या बुकात निम्मे लोक १ जूनला जन्मलेले. भालचंद्रच्या वडिलांच्या, अण्णासाहेबांच्या दगडावरच्या वयातून जन्मसाल १९३५ निघतं. त्यांची थोरली मुलगी कौशल्या १९४८ची. म्हणजे अण्णासाहेब तेराव्या वर्षी बाप झाले. भालचंद्रनं यावर वर्षभर अभ्यास केला आणि ठरवलं की अण्णासाहेब नावाची दोन माणसं असावीत. वंशावळीत त्यानं 'थोरले अण्णासाहेब' घातले. त्यांना एक चौकोन दिला आणि चौकोनात प्रश्नचिन्ह.

चंद्रप्रभानं तिच्या शेवटच्या ईस्टरला तो तक्ता बघितला.

"हे कोण रे?"

"संशोधन चालू आहे, ताई."

"कसलं डोंबलाचं संशोधन. बाबांनी नोकरीसाठी वय कमी लावलं होतं. सगळ्या घराला माहितेय."

"लेखी आहे?"

लेखी नव्हतं. थोरले अण्णासाहेब तक्त्यात राहिले.

या ऑगस्टमध्ये भालचंद्र नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी गेला आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीचे फोटो काढून आणले. माझ्या दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटवर आला आणि मी चहा ठेवायच्या आत मोबाइल पुढे केला. चंद्रप्रभा, जन्म १९५७.

"दगडावर सदुसष्ट घालायचं," तो म्हणाला. "आपल्या पिढीपासून तरी दगड खरे पाहिजेत. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक आला तर त्यानं काय समजायचं?"

"समजावं की इथं चंद्रप्रभा आहे. मी चौसष्ट घालणार."

"हे इमोशनल झालं, भावोजी. घाला चौसष्ट. मी हा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो. सत्य सगळ्यांना कळू दे."

मी चहात साखर दोनदा घातली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनं वय विचारलं होतं, तेव्हा औषधात चूक नको म्हणून मी सदुसष्ट सांगितलं. चंद्रप्रभानं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "चौंसठ." तोच तिचा शेवटचा शब्द. मी तिचं खोटं डॉक्टरसमोर उघडं पाडलं, आणि ते तिनं ऐकलं. आता पुन्हा, तेही दगडावर, मला तसं करायचं नव्हतं.

"सगळे फोटो आणलेस का?" मी विचारलं. "तुझं पान दिसत नाही."

"त्या पानाला ओल लागलीय."

"नेमकी त्याच?"

भालचंद्र चहा फुंकत बसला. १ जूनला जन्मलेला सरकारी माणूस ३१ मेला निवृत्त होतो. भालचंद्रचा निरोप समारंभ ३१ मेला झाला होता. मी गुलाबजाम खाल्ले होते.

"ग्रुपवर नको टाकूया," शेवटी तो म्हणाला. "पण भावोजी, चौसष्टला माझी मान्यता नाही. इतिहासात मी सदुसष्टच लिहिणार आणि खाली दगड चुकीचा आहे असंही लिहिणार."

म्हणजे चौसष्ट घातलं तर तिच्या भावाच्या पुस्तकात ती खोटी ठरणार, आणि सदुसष्ट घातलं तर माझ्या हातानं. मी बरेच दिवस विचार केला. तिच्या जन्माला मी हजर नव्हतो. भालचंद्र तर जन्मलाच नव्हता. ज्याला मी स्वतः हजर होतो असा आकडा एकच निघाला.

दगडवाल्यानं विचारलं, "बाबूजी, उमर क्या डालूँ?" मी कागदावर माझं नाव घालून लिहून दिलं: 'श्यामकांतसोबत ४१ वर्षे'. फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यातही तेच लिहिलं. कमिटीच्या क्लार्कनं नाव बघितलं, तारीख बघितली, आकडा आहे हे बघितलं आणि शिक्का मारला.

प्रार्थनेच्या दिवशी भालचंद्र दगडासमोर बराच वेळ उभा राहिला.

"हा काय पुरावा झाला, भावोजी?"

"लग्नाचं सर्टिफिकेट आहे ना. लेखी."

शेजारच्या कबरीवर एक म्हातारी बाई फुलं ठेवायला आली होती. तिला मराठी येत नसावं. तिनं आमच्या दगडावरचं नाव वाचलं, आकडा वाचला.

"इकतालीस की थीं? बहुत कम उमर थी, भाईसाब."

भालचंद्रनं तोंड उघडलं. मी त्याचा दंड धरला.

"जी," मी म्हणालो, "बहुत कम थी."